महासरस्वतीच्या हातात वीणा का नाही?

प्रश्न थोडक्यात असा: यंदा नवरात्रात पहिल्यांदाच आजीच्या पोथीतून दुर्गासप्तशतीचा, म्हणजे देवीच्या पराक्रमाच्या तेरा अध्यायांचा, पाठ करायला घेतला. नुसता वाचून न टाकता अर्थ लावत गेले, तर ध्यानश्लोकांपाशी, म्हणजे देवीचं रूप डोळ्यांपुढे आणण्यासाठी अध्यायाआधी म्हणायच्या श्लोकांपाशी, अडले. महासरस्वतीच्या हातात नांगर आणि मुसळ, वीणा कुठेच नाही. महालक्ष्मीला अठरा हात, आणि एका हातात चक्क मद्याचं पात्र. देव्हाऱ्यामागच्या तसबिरीत मात्र लक्ष्मी चार हातांची आणि सरस्वती वीणा घेतलेली. मग देवीचं खरं रूप कोणतं? प्रत्येक आयुधाचा अर्थ काय? आणि वेदांत देवी आहे, की हे सगळं पुराणांनी नंतर आणलं?

वीणा आहे. तुम्ही तेरावा अध्याय संपला तिथे पोथी मिटलीत, म्हणून दिसली नाही.

बहुतेक सगळे तिथेच मिटतात. मीही पहिली सात-आठ वर्षं तेच करत होतो. कवच, अर्गला, कीलक ही आधीची स्तोत्रं, मग तेरा अध्याय, मग आरती. शेवटची दहा-बारा पानं कोरीच राहायची, त्यांच्यावर हळदीकुंकवाचा डागसुद्धा नसायचा. त्या पानांवर तीन छोटी प्रकरणं असतात: प्राधानिक रहस्य, वैकृतिक रहस्य आणि मूर्तिरहस्य. ती मूळ तेरा अध्यायांच्या नंतर जोडलेली आहेत. आणि का जोडली, तर तुम्ही विचारलात तोच प्रश्न पडला म्हणून. प्राधानिक रहस्याच्या सुरुवातीला सुरथ राजा, ज्याला ऋषी ही सगळी कथा सांगतात तो, ऋषींना म्हणतो: चंडिकेचे अवतार तुम्ही सांगितलेत, आता त्यांची मूळ प्रकृती सांगा; देवीच्या कोणत्या स्वरूपाची मी आराधना करू आणि कोणत्या विधीने, तेही सांगा. तेव्हा हा गोंधळ तुमचा एकटीचा नाही, ग्रंथातल्या राजाचाही झालेला आहे.

त्याला मिळालेलं उत्तर असं. सगळ्यांच्या आधी त्रिगुणमयी महालक्ष्मी. तिने तमोगुणातून एक रूप धारण केलं, ती महाकाली. सत्त्वगुणातून दुसरं धारण केलं, तिचं वर्णन 'अक्षमालाङ्कुशधरा वीणापुस्तकधारिणी'. माळ, अंकुश, वीणा, पुस्तक. ही तुमच्या तसबिरीतल्या सरस्वतीची सख्खी बहीण, फक्त हातात अंकुश जास्तीचा. तिची नावंही पुढे येतात: महाविद्या, महावाणी, भारती, वाक्, सरस्वती, वेदगर्भा. मग वैकृतिक रहस्य सुरू होतं आणि तिथे महासरस्वती पुन्हा येते, पण आता गौरीच्या देहातून निघालेली, शुंभाला मारणारी, आठ हातांची. नांगर-मुसळ हिच्याकडे. पाचव्या अध्यायाच्या आरंभी तुम्ही वाचलंत ते ध्यान हिचंच: 'घण्टाशूलहलानि शङ्खमुसले चक्रं धनुः सायकम्'. मोजा: घंटा, शूळ, नांगर, शंख, मुसळ, चक्र, धनुष्य, बाण. आठ हात, आठ वस्तू. कांती पावसाळा सरल्यावरच्या चंद्रासारखी.

एकाच पोथीत, एकाच नावाची देवी, चार-पाच पानांच्या अंतराने दोन वेगळ्या रूपांत. लिहिणाऱ्याला त्यात विसंगती वाटलेली नाही. आपल्याला वाटते, कारण आपण वर्णन वाचलं की ते ओळखपत्रावरचा फोटो समजतो.

मी शिकवताना पहिल्याच दिवशी एक सवय लावायला सांगतो. देवीचं वर्णन आलं की आधी विचारायचं, हे वाक्य कुठल्या जातीचं? कथा सांगणारं, स्तुती करणारं, ध्यानासाठी दिलेलं, की मूर्ती घडवणाऱ्याला सांगितलेलं? चौघांची कामं निराळी. दुसऱ्या अध्यायात देवांच्या तेजातून देवी प्रकट होते तेव्हा महिषासुराला ती कशी दिसते? 'दिशो भुजसहस्रेण समन्ताद् व्याप्य संस्थिताम्', हजार हातांनी दिशा व्यापून उभी. हे कथेतलं वाक्य आहे. पाहणाऱ्याची छाती दडपली पाहिजे, एवढंच त्याचं काम. त्याच अध्यायाच्या आधीचं ध्यान अठरा हातांचं. तेही मोजा, मजा येते: अक्षमाला, परशू, गदा, बाण, वज्र, कमळ, धनुष्य, कमंडलू, दंड, शक्ती, तलवार, ढाल, शंख, घंटा, सुरापात्र, शूळ, पाश, सुदर्शन. बरोबर अठरा, एकही कमी-जास्त नाही. ('जलजं' म्हणजे इथे शंख. कमळ धरलंत तर कमळ दोनदा येईल आणि शंख गळेल. नव्या पाठकांची ही ठरलेली चूक.)

मग हजार की अठरा? वैकृतिक रहस्य अर्ध्या ओळीत मिटवतं: 'अष्टादशभुजा पूज्या सा सहस्रभुजा सती'. ती हजार हातांचीच आहे, पूजताना मात्र अठरा हातांची पूजावी. माझ्या मते मूर्तीविषयी या पोथीत इतकं मोकळं वाक्य दुसरं नाही. जे आहे ते एक, आणि माणसाच्या नजरेत, मनात, दगडात मावेल ते दुसरं. दोन्ही खरं धरून चालायचं. लगेच पुढे ते रहस्य कामाचं बोलतं: 'आयुधान्यत्र वक्ष्यन्ते दक्षिणाधःकरक्रमात्'. आयुधं सांगतो, उजव्या खालच्या हातापासून क्रमाने. ही कारागिराची भाषा आहे. भक्ताला क्रमाची गरज नसते, पाथरवटाला असते.

हा क्रम लक्षात ठेवा, कारण आता कोल्हापूरला जायचं आहे. प्राधानिक रहस्यात मूळ महालक्ष्मीचं वर्णन येतं: 'मातुलुङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती', आणि मस्तकावर नाग, लिंग, योनी. चारच हात. आता अंबाबाईची मूर्ती आठवा. गाभाऱ्यात साडी, दागिने, फुलं यांतून मुखच तेवढं दिसतं. मीही कित्येक वर्षं तेवढंच पाहिलं होतं. पुढे अलंकार उतरवलेल्या मूर्तीचं एक जुनं छायाचित्र हाती आलं आणि पोथी शेजारी ठेवून बसलो. उजवा खालचा हात: म्हाळुंग, म्हणजे लिंबाच्या जातीचं मोठं, खडबडीत सालीचं फळ. उजवा वरचा: गदा. डावा वरचा: ढाल. डावा खालचा: पानपात्र. उजव्या खालच्या हातापासून सुरू करून फिरत गेलं की श्लोकाचा क्रम जसाच्या तसा. त्या म्हाळुंगाला मी लाडू म्हटलेलं ऐकलंय, नारळ म्हटलेलंही. मूर्तीच्या मागे सिंह आहे. विष्णूच्या पायाशी बसणारी, हत्तींनी न्हाऊ घातलेली कमळातली लक्ष्मी ही नव्हे. सप्तशतीच्या रहस्यातली, सगळ्यांच्या आधीची महालक्ष्मी ही. नाव एक असल्यामुळे दोघींची गल्लत होते, आणि त्यावरून वादही पुष्कळ झाले आहेत. वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांनी तो एक श्लोक पाहिला असेल, देव जाणे.

अठरा हातांची पाहायची तर वणीला सप्तशृंगगडावर जा. कड्यात कोरलेली, आठेक फूट उंच. २०२२ साली तिच्या अंगावरचे शेंदराचे थर काढले, त्यानंतर मूळ कोरीव रूप दिसायला लागलं. तुळजापूरची भवानी आठ हातांची महिषमर्दिनी. माहूरला रेणुकेचं केवळ मुख, हातांचा प्रश्नच नाही. साडेतीन पीठांत मिळून हातांचे आकडे चार, आठ, शून्य आणि अठरा. आपल्या पूर्वजांनी एकाच यात्रेत हे सगळं पाहिलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

आता त्या मद्याच्या पात्राकडे येऊ, कारण तिथे मराठी भाषांतरं फार लाजतात. 'सुराभाजनं'चा अर्थ 'अमृताचं भांडं' असा दिलेला मी एकापेक्षा जास्त पुस्तकांत पाहिला आहे. श्लोकात तसं नाही. दुसऱ्या अध्यायात कुबेर देवीला काय देतो? 'ददावशून्यं सुरया पानपात्रं धनाधिपः', सुरेने कधीही रिकामं न होणारं पात्र. तिसऱ्या अध्यायात ती ते पितेही, डोळे लाल होतात, आणि महिषासुराला म्हणते: 'गर्ज गर्ज क्षणं मूढ मधु यावत्पिबाम्यहम्'. मूर्खा, मी मधु पिते आहे तोवर गर्जून घे, नंतर इथेच देव गर्जतील. युद्धाच्या ऐन भरात एक घोट घेऊन, हसत, शत्रूला गप्पांत घेणारी देवी! हा प्रसंग अमृताच्या भांड्याने साफ मरतो. तुमच्या घरच्या नैवेद्याशी याचा संबंध नाही. नैवेद्याचा आचार घराण्याघराण्याचा वेगळा असतो आणि तो तसाच ठेवावा. पण अर्थ लावताना ग्रंथाला सोवळं नेसवू नये.

नांगर-मुसळाचं काय, तेही पाहू. ही जोडी आपल्याला दुसरीकडे चांगली माहीत आहे: बलरामाची आयुधं. शंख-चक्र कृष्णाची. आता अकराव्या अध्यायात देवीचं भविष्यकथन वाचा. अठ्ठाविसाव्या युगात आणखी एक शुंभ-निशुंभ होतील, तेव्हा मी नंद गोपाच्या घरी यशोदेच्या पोटी जन्मेन आणि विंध्याचलावर राहून त्यांना मारीन. म्हणजे कृष्णाच्या बदली कंसाच्या हाती गेलेली ती मुलगी. तिलाच एकानंशा म्हणतात, आणि बलराम व कृष्ण यांच्या मधोमध तिची मूर्ती उभी करण्याची जुनी रीत होती. दोन्ही भावांची आयुधं बहिणीच्या हातात आली, असं मी मानतो. हा माझा तर्क आहे. ध्यानश्लोक फक्त वस्तू सांगतो, कारण सांगत नाही.

एकानंशेचं नाव निघालंच आहे तर वराहमिहिराची साक्ष काढतो. सहाव्या शतकातल्या त्याच्या बृहत्संहितेत मूर्ती कशा घडवाव्यात यावर एक प्रकरण आहे. तिथे तो सांगतो: एकानंशा बलदेव आणि कृष्ण यांच्यामध्ये करावी, दोन हातांची असेल तर डावा हात कमरेवर आणि उजव्यात कमळ. चार हातांची असेल तर डाव्या दोन हातांत पुस्तक आणि कमळ, उजव्यांत वरद आणि माळ. आठ हातांची असेल तर आणखी यादी. देवी एकच, पर्याय तीन, आणि तिन्ही एका दमात. खरी कुठली, हा प्रश्न त्याच्या मनात येतच नाही. दगड केवढा आणि मूर्ती कुठे बसणार, हे प्रश्न त्याच्या कामाचे.

इथे एक उलटी गोष्टही सांगितली पाहिजे. ग्रंथ आधी झाला आणि मूर्ती त्यावरून बेतली, असं आपण गृहीत धरतो. दरवेळी तसं घडलेलं नाही. देवीमाहात्म्य, म्हणजे आपली सप्तशती, मार्कंडेय पुराणाच्या ८१ ते ९३ या अध्यायांत येते आणि बहुतेक अभ्यासक ती साधारण पाचव्या-सहाव्या शतकातली मानतात. मध्य प्रदेशात विदिशेजवळ उदयगिरीच्या सहाव्या लेण्यापाशी गुप्त संवत ८२ चा, म्हणजे इ.स. ४०१-०२ चा लेख आहे, आणि तिथे बारा हातांची महिषमर्दिनी कोरलेली आहे. कुषाणकाळातल्या मथुरेच्या लहान मूर्ती तर त्याच्याही आधीच्या. या जुन्या मूर्तींत महिषासुर म्हणजे सरळ सरळ रेडा. त्याच्यातून माणूस बाहेर पडत नाही. महाबलीपुरमला सातव्या शतकातल्या पल्लवांच्या लेण्यात जाल तर तिसराच प्रकार: राक्षसाचं अंग माणसाचं, डोकं रेड्याचं, हातात गदा, समोर सिंहावर आठ हातांची देवी धनुष्य ताणून, आणि लढाई अजून चालूच आहे. सप्तशतीत तो पायाखाली दाबला गेल्यावर रेड्याच्या तोंडातून अर्धा बाहेर येतो आणि तेवढ्यातच तलवारीने त्याचं डोकं उडतं. नंतरच्या मूर्तिकारांना हे 'अर्धं बाहेर' फार आवडलं, पण त्यांच्यापैकी पुष्कळांनी माणूस तोंडातून काढण्याऐवजी रेड्याच्या तुटलेल्या मानेतून काढला. दगडात तेच जास्त उठून दिसतं. कथा लोकांच्या तोंडी होतीच. पोथीने ती एका तऱ्हेने बांधली, छिन्नीने दुसऱ्या.

मातृकांचंही, म्हणजे देवांच्या शक्ती असलेल्या देवींचंही, तसंच. आठव्या अध्यायात ब्रह्माणी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, नारसिंही, ऐंद्री युद्धात उतरतात आणि कवी एका श्लोकात सगळं मूर्तिशास्त्र उरकतो: 'यस्य देवस्य यद्रूपं यथाभूषणवाहनम्, तद्वदेव हि तच्छक्तिः'. ज्या देवाचं जे रूप, जे भूषण, जे वाहन, तेच त्याच्या शक्तीचं. झालं काम. पण वेरूळच्या चौदाव्या लेण्यात जाऊन पाहा: मातृका ओळीने बसलेल्या, जवळ मुलं, खाली आपापली वाहनं. कुणी लढत नाही. मूल हा तपशील आठव्या अध्यायात नाही. आणि नारसिंहीच्या जागी लेण्यांतून सहसा चामुंडा असते, हाडांचा सापळा झालेली.

कालीची जीभ हा तर माझ्या पाठवर्गातला नेहमीचा विषय. शिवाच्या अंगावर चुकून पाय पडला आणि लाजेने तिने जीभ चावली, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. सप्तशतीत ती नाही, शिवही तिच्या पायाखाली नाही. सातव्या अध्यायात चंड-मुंड समोर येताच अंबिकेचा चेहरा रागाने काळाठिक्कर पडतो आणि तिच्या कपाळातून काली बाहेर पडते: वाळलेलं मांस, वाघाचं कातडं, माणसांच्या मुंडक्यांची माळ, 'जिह्वाललनभीषणा', जीभ लवलवते म्हणून भयानक. पुढच्याच अध्यायात या तोंडाचा उपयोग होतो, रक्तबीजाचं रक्त जमिनीवर पडू न देता पिऊन टाकायला. जीभ इथे लाजेची नव्हे, हत्यार आहे. त्याहून जुनी एक नोंद मुंडकोपनिषदात आहे. अग्नीच्या सात जिभांची नावं तिथे दिली आहेत आणि पहिली दोन 'काली कराली च' अशी आहेत. दोन्हींचा थेट धागा जोडण्याची घाई मी करणार नाही. पण काली हे नाव आधी जिभेचं म्हणून येतं, एवढं वाचकाने मनात ठेवावं.

यावरून तुमच्या वेदांच्या प्रश्नाकडे. वेदांत देवी आहे का? आहे, पण हात मोजायला गेलात तर निराश व्हाल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२५ वं सूक्त काढा. आठच ऋचा, आणि बोलणारी स्वतः वाक्, अंभृण ऋषीची मुलगी. 'अहं रुद्रेभिर्वसुभिश्चरामि', मी रुद्रांबरोबर, वसूंबरोबर फिरते. 'अहं रुद्राय धनुरा तनोमि', रुद्रासाठी धनुष्य मी ताणते. 'यं कामये तं तमुग्रं कृणोमि', मला जो आवडेल त्याला मी बलवान करते. शेवटी 'अहमेव वात इव प्र वामि', मी वाऱ्यासारखी वाहते. पूर्ण सूक्तात ती कशी दिसते याबद्दल एक शब्द नाही. कोण आहे आणि काय करते एवढंच. पाठाच्या शेवटी वैदिक देवीसूक्त म्हणायची प्रथा आहे ती याच सूक्ताची, आणि पाठाआधी रात्रिसूक्त म्हणतात तेही दहाव्याच मंडलातलं, १२७ वं. पाचव्या अध्यायातलं 'नमो देव्यै महादेव्यै' हे निराळं, पौराणिक. दोन्हींना देवीसूक्तच म्हणतात, त्यामुळे नवख्याची फसगत होते.

सरस्वती ऋग्वेदात आधी नदी आहे: 'अम्बितमे नदीतमे देवितमे सरस्वति', आयांमध्ये श्रेष्ठ, नद्यांमध्ये श्रेष्ठ, देवींमध्ये श्रेष्ठ. केनोपनिषदात इंद्राला आकाशात 'बहुशोभमाना' उमा हैमवती भेटते आणि समोरचं यक्ष म्हणजे ब्रह्म होतं हे तीच सांगते. देवांना न उमगलेली गोष्ट एक स्त्री समजावते, आणि तिचंही वर्णन त्या एका विशेषणापुरतं. 'जातवेदसे सुनवाम सोमम्' ही दुर्गासूक्ताची पहिली ऋचा ऋग्वेदात मुळात अग्नीची आहे. एका ऋचेचं पूर्ण सूक्त. दुर्गेचं नाव पुढे तैत्तिरीय आरण्यकात 'तामग्निवर्णां तपसा ज्वलन्तीम्' या मंत्रात येतं.

आणि श्रीसूक्त. ते ऋग्वेदाच्या खिलांत येतं, म्हणजे संहितेच्या पुरवणीत. इथे पहिल्यांदा डोळ्यांपुढे काही उभं राहतं: सोन्याचा रंग, कमळात बसलेली, पुढे घोडे, मध्ये रथ, हत्तींच्या चीत्काराने जागी होणारी. भारहूत-सांचीच्या दगडांत दोन हत्ती जिच्यावर पाणी ओततात ती हीच ओळखीची बाई. पण माझा आवडता शब्द दुसराच आहे. 'गन्धद्वारां दुराधर्षां नित्यपुष्टां करीषिणीम्'. करीष म्हणजे शेण, वाळलेलं शेण. लक्ष्मी कशी, तर शेणाने समृद्ध! जिच्या घरी गुरं, तिच्या घरी शेण, तिच्याच शेताला खत. पुढे तिच्या मुलांना हाक मारली आहे: कर्दम म्हणजे चिखल, चिक्लीत म्हणजे ओलावा. नांगरटीच्या वेळचं शेत डोळ्यांपुढे आणा आणि मग दिवाळीच्या तसबिरीत हातातून नाणी सांडणारी लक्ष्मी आठवा. तसबीर खोटी नाही. धनाचं रूप बदललं, तसं तिच्या हातातलं बदललं.

तसबिरींचाही इतिहास फार जुना नाही. आपल्या मनातली वीणाधारी सरस्वती आणि कमळावर उभी लक्ष्मी बऱ्याच अंशी राजा रविवर्म्याची. १८९४ साली त्यांचा शिळाछापखाना मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि एका पिढीत त्या प्रतिमा घरोघरी खिळ्यावर लटकल्या. त्यांच्या सरस्वतीजवळ मोर आहे. 'या कुन्देन्दुतुषारहारधवला' म्हणून पाहा: वीणा आहे, शुभ्र वस्त्र आहे, पांढरं कमळ आसन आहे, पण मोर नाही आणि हंसही नाही. सरस्वतीची आज माहीत असलेली सगळ्यांत जुनी मूर्ती मथुरेच्या कंकाली टिळ्यावर मिळाली. लेखात वर्ष ५४, म्हणजे बहुधा इ.स. १३२. ती जैन मूर्ती आहे आणि एका लोहाराने दान दिलेली. डोकं तुटलं आहे. उकिडवी बसली आहे. डाव्या हातात पोथी. वीणा नाही. दिवसभर घण मारणाऱ्या माणसाला विद्येची देवी बसवावीशी वाटली, आणि तिच्या हातात त्याला दिसलं ते पुस्तक. लखनौच्या राज्य संग्रहालयात ती आहे.

राहिला आयुधांच्या अर्थाचा प्रश्न. 'त्रिशूळ म्हणजे तीन गुण, चक्र म्हणजे काळ, तलवार म्हणजे विवेक' अशा याद्या तुम्हाला कुठेही मिळतील. त्यांच्याबद्दल माझी एकच कुरकुर आहे: त्या यादीला ग्रंथाचं नाव चिकटवू नका. सप्तशतीचा दुसरा अध्याय आयुधांचा अर्थ सांगत नाही, ती कुणी दिली ते सांगतो. शूळ शंकराचा, चक्र विष्णूचं, शंख वरुणाचा, शक्ती अग्नीची, वज्र आणि ऐरावताच्या गळ्यातली घंटा इंद्राची, दंड यमाचा, माळ प्रजापतीची, कमंडलू ब्रह्मदेवाचा, तलवार-ढाल काळाची, परशू विश्वकर्म्याचा, सिंह हिमालयाचा. हे हरलेल्या देवांनी आपापली सत्ता एकीच्या हाती सोपवणं आहे, आणि तो अर्थ गुणांच्या यादीपेक्षा कितीतरी राजकीय आहे.

अर्थ लावणारी परंपराही आहे, पण ती तसं उघड सांगते. विष्णुधर्मोत्तर पुराणात सरस्वतीचे हात म्हणजे वेद, पुस्तक म्हणजे सर्व शास्त्रं, माळ म्हणजे काळ, असं स्पष्ट दिलं आहे. आणि आपल्याकडे तर ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच पानावर त्याचा कळस आहे. तिथे गणेशाचं शरीरच ग्रंथांचं आहे: स्मृती हे अवयव, अठरा पुराणं हे अलंकार, आणि सहा दर्शनं हे सहा हात, 'म्हणौनि विसंवादे धरिती आयुधें हातीं'. दर्शनांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून हातांतली आयुधंही एकमेकांशी न जुळणारी! विनोद आणि तत्त्वज्ञान एका ओवीत. त्यानंतर लगेच 'अभिनव वाग्विलासिनी' शारदेला नमन, पण तिच्या हातांचा पत्ताच नाही. एकनाथांच्या जोगव्यात महिषासुराला 'मोह' हे नाव मिळतं. कवीने प्रतिमा उलगडली की ती अशी उलगडते. तुम्हीही उलगडा, हरकत नाही. फक्त हा माझा अर्थ, आणि हा ग्रंथाचा शब्द, एवढी रेघ मध्ये ठेवा.

पाठाबद्दल दोन गोष्टी, तुम्ही विचारल्या नाहीत तरी. सातशे श्लोक मोजायला बसू नका, भरणार नाहीत. सातशे हे मंत्र आहेत: ५३५ पूर्ण श्लोक, ४२ अर्धश्लोक, 'ऋषिरुवाच' वगैरे ५७, आणि अवदान म्हणून तोडलेले ६६. दुसरं, ध्यानश्लोक पाठाच्या वेगाने म्हणू नका. तो म्हणायचा कमी आणि पाहायचा जास्त. एकेक वस्तू, एकेक हात. अठरा पूर्ण होईपर्यंत पुढे जायचं नाही. पहिल्या दिवशी माझे सहा-सातच व्हायचे आणि मग बाणाशेजारी काय होतं ते आठवेना. पाचव्या अध्यायातल्या 'या देवी सर्वभूतेषु'ला मात्र हा नियम नाही. तिथे एकवीस रूपं आहेत आणि एकालाही हात नाही: बुद्धी, निद्रा, भूक, लाज, दया, स्मृती, आणि अगदी शेवटी भ्रांती, म्हणजे चूकसुद्धा.

तसबीर काढू नका, आजीची पोथीही बदलू नका. अष्टमीला तेरावा अध्याय वाचाल तेव्हा एका श्लोकापाशी जरा थांबा. ज्या सुरथाने पुढे रहस्यात एवढं विचारलं, तो आणि समाधी नावाचा वैश्य नदीच्या वाळवंटात बसून देवीची मातीची मूर्ती करतात, 'कृत्वा मूर्तिं महीमयीम्', आणि तीन वर्षं तिची पूजा करतात. फुलं, धूप, अग्नी, तर्पण, सगळं सांगितलं आहे. मूर्तीला हात किती होते, ते सांगितलेलं नाही.